‘वॉर अँड ब्यूटी’ बघून चिंग राजवाड्याचा इतिहास सांगता येईल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ‘वॉर अँड ब्यूटी’ ही हाँगकाँगची २००४ ची मालिका तुम्ही सबटायटल लावून तीसच्या तीस भाग बघितलीत, आणि आता चिंग (चीनवर राज्य करणारं शेवटचं, मांचू घराणं) राजवाड्यातल्या बायकांवर मराठीत व्हिडिओ सिरीज करायचीये, तर त्यातलं किती टक्के खरं आणि किती मीठमसाला, शिवाय पुन्हा बघायची तर कँटोनीज (हाँगकाँगची मूळ भाषा) बघू की मँडरिन (चीनची प्रमाणभाषा) डब, असं विचारलंय. वर एकाने लिहिलंय सगळं खोटं आहे, दुसऱ्याने लिहिलंय खऱ्या घटनेवर आहे. दोघंही बरोबर आहेत आणि म्हणूनच दोन्ही उत्तरांचा तुम्हाला उपयोग शून्य.

मी मराठी ऐतिहासिक मालिकांसाठी स्क्रिप्ट तपासून देतो, म्हणजे सेटवर सगळे ज्याला ‘रिसर्चवाले सर’ म्हणतात आणि शूटिंगला उशीर झाला की ज्याच्यावर खापर फोडतात तो माणूस. चिंग काळ हा पोटापाण्याचा विषय नाही, नाद आहे, पण मालिका आणि इतिहास यांची भांडणं सगळीकडे सारखीच असतात त्यामुळे लिहायचं धाडस करतोय.

पहिलं म्हणजे टक्के सोडा. स्क्रिप्ट आली की मी तीन रंगांचे हायलायटर घेऊन बसतो. नोंद सापडते ते हिरवं, नोंद नाही पण त्या काळात घडू शकलं असतं ते पिवळं, आणि लेखकाने डोक्यातून काढलेलं ते गुलाबी. गुलाबी असणं हा गुन्हा नाही हो, गुलाबी नसेल तर मालिका होणारच नाही, पंचांग होईल. माझं भांडण फक्त एका ठिकाणी असतं, गुलाबी गोष्ट त्या काळाच्या नियमाला धडका द्यायला लागली की. आता तुमच्या मालिकेवर हे हायलायटर फिरवले तर गंमत अशी दिसते की माणसं जवळजवळ सगळी गुलाबी, पण ती ज्या यंत्रणेत अडकलीयत ती यंत्रणा बरीचशी हिरवी, आणि शेवटी जो हल्ला होतो तो तर तारखेसकट हिरवा. म्हणजे एकाच सीनमध्ये तिन्ही रंग. टक्के काढणार कसे?

अर्थात तुम्हाला व्हिडिओत नेमकं काय सांगायचंय यावर बरंच अवलंबून आहे. मालिकेचं रसग्रहण करणार असाल तर इतकं खोदायची गरजच नाही. ‘राजवाड्यात बायका कशा राहायच्या’ सांगणार असाल तर मालिका चांगली सुरुवात आहे. आणि ‘जियाचिंग सम्राटाच्या राण्यांची खरी कहाणी’ (जियाचिंग म्हणजे मालिकेतला सम्राट) असं थंबनेलवर टाकणार असाल तर मात्र हिच्या जिवावर टाकू नका. कारण सांगतो.

माणसांपासून सुरू करू. मालिकेतली मोठी वजनदार राणी, यू-युत, जी शेरेन टांगने केलीये, ती न्योहुरू घराण्यातली ‘रू’ राणी म्हणून येते. या नावाची राणी खरंच होती. पण खऱ्या बाईचा जन्म १७८७ चा, म्हणजे शेवटचा तो हल्ला झाला त्या १८१३ साली ती जेमतेम सव्वीस वर्षांची. मालिकेत ती कशी दिसते आठवा, वर्षानुवर्षं अंतःपुर कोळून प्यायलेली, नव्या मुलींना एका नजरेत जोखणारी. खरी रू राणी पुढे खूप जगली, १८६० मध्ये वारली, ज्या वर्षी इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी पेकिंगबाहेरचा (आजच्या बीजिंगबाहेरचा) जुना उन्हाळी महाल लुटला आणि इंग्रजांनी तो जाळला त्याच वर्षी. तिचा मुलगा म्यानयू जन्मला १८१४ साली, हल्ल्याच्या पुढच्याच वर्षी. यातलं काहीही मालिकेच्या कथेत बसत नाही, कारण लेखकाला नाव हवं होतं, चरित्र नको होतं. महाराणी मात्र त्या जागी खरंच होती, तीही न्योहुरूच, १८०१ मध्ये महाराणी झालेली, आधीची महाराणी १७९७ मध्ये वारल्यावर. एकाच कुळनावाच्या दोन बायका वर आणि खाली, हे मात्र मालिकेने उचलून छान वापरलंय.

बाकी युक-यिंग (गिगी लाय), यी-सुन (चार्मेन शे), दासी ओन-सिन (मॅगी चंग हो-यी), राजवैद्य सन (बोवी लाम), पहारेकरी हुंग मो (मोझेस चॅन), ही सगळी कल्पित माणसं. यांच्या नावाने काहीही ‘इतिहास’ म्हणून सांगू नका, कॉमेंटमध्ये कुणीतरी येऊन कान धरेल.

आता यंत्रणा. इथे मात्र या मालिकेला मान दिला पाहिजे. मुलींची निवड घ्या, जिथून कथा सुरू होते. चिंग काळात आठ निशाणांच्या, म्हणजे मांचू, मंगोल आणि हान पलटणींच्या घरांतल्या मुलींना दर तीन वर्षांनी राजवाड्यात हजर करावं लागायचं, साधारण तेरा ते सतरा वय, काम बघायचं महसूल खातं. आदल्या रात्रीच खेचरांच्या गाड्या निशाणांच्या क्रमाने लावून ठेवायच्या, कंदील टांगलेले, आणि पहाटे उत्तरेच्या दारातून आत. मग पाच-पाच जणींची रांग समोर उभी करायची, जिच्या नावाची पाटी ठेवून घेतली ती पुढच्या फेरीला, बाकीच्या घरी. आणि मुख्य गोष्ट, जिची हजेरी झाली नाही तिचं लग्न लावता येत नव्हतं! म्हणजे राजाला पसंत पडणं हा सन्मान वगैरे ठीक, पण बऱ्याच घरांसाठी ही एक सरकारी अडवणूक होती, मुलगी एकदाची दाखवून नापसंत करून घ्यायची आणि ठरलेल्या ठिकाणी द्यायची. निवडलेली प्रत्येक मुलगी सम्राटाकडेच जायची असंही नाही, राजपुत्रांना आणि घराण्यातल्या इतर पुरुषांनाही याच रांगेतून बायका दिल्या जायच्या. मालिकेत सगळ्याच जणी आत शिरायला जीव टाकतात, कारण ज्या मुलीला शिरायचंच नाहीये तिच्यावर तीस भाग होत नाहीत. तुमच्या व्हिडिओला मात्र तीच मुलगी जास्त भारी विषय आहे बघा.

दासींची भरती वेगळी. ती दरवर्षी व्हायची, राजघराण्याच्या खासगी कारभाराचं खातं करायचं, आणि पलटणींतल्या सेवक कुटुंबांच्या मुली त्यात यायच्या. साधारण पंचविसाव्या वर्षी त्यांना बाहेर सोडायचे. ओन-सिनची बाहेर पडायची जी आस आहे ना, ती या नियमावर उभी आहे, म्हणून ती बाई कल्पित असूनही खोटी वाटत नाही. याला मी पिवळा रंग देतो.

आता पगारपत्रक बघा, कारण माझ्या मते अख्ख्या मालिकेची किल्ली तिथे आहे. राण्यांच्या आठ पायऱ्या. महाराणीला वर्षाला १००० ताएल (चांदीचं त्यांचं माप, एक साधारण ३७ ग्रॅम), तिच्याखाली ८००, मग ६००, मग ३००, २००, १००, ५० आणि सगळ्यात खालच्या पायरीला ३०. दासी पण तशाच उतरत्या, महाराणीला दहा, पुढच्या दोन पायऱ्यांना आठ-आठ, मग सहा-सहा, मग चार, तीन आणि शेवटी दोन. वरच्या पायऱ्यांना जागा मोजून, महाराणी एक, तिच्याखालची एक, मग दोन, मग चार, मग सहा, आणि खालच्या तीन पायऱ्यांना मर्यादाच नाही. आता ६०० वरून ३०० कडे येताना काय होतं बघा, एका झटक्यात निम्मं. आणि हे फक्त चांदीचं झालं, कापड, मांस, कोळसा, मेणबत्त्या, चहा सगळं याच क्रमाने कमी. पेकिंगच्या थंडीत कोळसा कमी मिळणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे एखादी राणी पायरी चढायला धडपडते तेव्हा ते फक्त मत्सर किंवा प्रेम नसतं, तिच्या खोलीची ऊब आणि तिच्या हाताखालची माणसं त्यात असतात. मालिका हे आकडे कधी वाचून दाखवत नाही, पण पात्रं वागतात ती हे पत्रक पाठ असल्यासारखी. हाँगकाँगच्या प्रेक्षकांनी तेव्हा ही मालिका ऑफिसातलं राजकारण म्हणून चवीने बघितली ती काही उगाच नाही, पायऱ्या मोजक्या, खालची गर्दी अमर्याद आणि बॉस एकच.

पण यंत्रणेतही एक मोठं गुलाबी भगदाड आहे, वैद्यबुवा. राजवैद्य आणि तरुण राणी एकांतात भेटतायत, कुजबुजतायत, हे तुम्हाला आवडलं असणार, मलाही आवडलं, बोवी लामने काम फार संयमाने केलंय. पण राजवैद्याला आत एकट्याने फिरता येत नव्हतं, सोबत खोजे असायचे, तपासणी आणि औषधाची नोंद व्हायची, सम्राटाच्या औषधाचे तर दोन भाग करून एक आधी वैद्याने आणि खोज्याने चाखून बघायचा असा नियम. ज्या जागी एक काढा साक्षीदाराशिवाय उकळत नाही तिथे प्रेमप्रकरण उकळणार कुठे. माझ्याकडे अशी स्क्रिप्ट आली असती तर मी समासात लिहिलं असतं, ‘तिसरा माणूस खोलीत ठेवा, सीन जास्त चांगला होईल’. खरंच होतो. समोर कुणीतरी उभं असताना दोन माणसांनी नाडी बघता बघता काय ते सांगून टाकायचं, यात जास्त ताण असतो. मराठी मालिकेत मी हे बऱ्याचदा सुचवतो, दिग्दर्शक म्हणतात सर फ्रेममध्ये गर्दी होते. असो.

दुसरं भगदाड वारसाचं. अशा मालिका बघून आपल्याला वाटतं की मुलगा झाला की गादी हातात, म्हणून तर गर्भपात, विष वगैरे. चिंगांकडे युंगचंग सम्राटापासून (जियाचिंगचा आजोबा) पद्धत निराळी होती, सम्राट गुपचूप एका मुलाचं नाव लिहून पेटीत सीलबंद करायचा आणि ती पेटी मोठ्या दालनातल्या फलकामागे ठेवायची. जियाचिंगने १७९९ मध्येच म्यानिंगचं नाव लिहून ठेवलं होतं, जो वारलेल्या पहिल्या महाराणीचा मुलगा. म्हणजे मालिकेत ज्या काळात सगळ्या जणी पोटातल्या बाळासाठी एकमेकींचे गळे कापतायत, त्या काळात निकाल लागून बरीच वर्षं झाली होती. अर्थात त्यांना ते माहीत नसणार, पेटी बंदच होती, त्यामुळे धडपड पूर्ण खोटीही म्हणता येत नाही. हा मुद्दा एका व्हिडिओला पुरेल.

आता शेवट. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी पात्रांचं काय होतं ते सांगत नाही, फक्त इतकंच की शेवटी बंडखोर राजवाड्यात घुसतात. हे अक्षरशः घडलंय. ८ ऑक्टोबर १८१३. तिएनली नावाचा पंथ, म्होरक्या लिन चिंग, पेकिंगच्या दक्षिणेला राहणारा. बेत असा की साधारण दोनशे माणसं फेरीवाल्यांच्या वेशात, कपड्यांत हत्यारं लपवून शहरात येणार, दोन टोळ्या करून पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या दरवाज्याने भर दुपारी घुसणार, आणि आतले काही खोजे, जे त्याच भागातले आणि त्याच पंथाचे होते, ते वाट दाखवणार. पूर्वेच्या दारावर यांची कोळसा घेऊन आलेल्या लोकांशी आधी कोण जाणार यावरून बाचाबाची झाली, त्या झटापटीत हत्यारं दिसली, पहारेकऱ्यांनी दार लोटून घेतलं आणि अगदी मोजकेच आत पोचले. पश्चिमेकडून सत्तर-ऐंशी जण घुसले आणि त्यांनीच मागून दार लावून घेतलं. म्हणजे शिरले खरे पण कोंडले गेले. लिन चिंग स्वतः घरी बसून हेनान प्रांताकडून येणाऱ्या साथीदारांची वाट बघत होता, जे येणार नव्हते, कारण तिकडचा पुढारी ली वेनचंग आधीच पकडला गेल्याने तिथला उठाव ठरल्या दिवसाआधीच पेटला होता.

आणि सम्राट? तो राजवाड्यात नव्हताच. शरद ऋतूतल्या शिकारीहून परतीच्या वाटेवर होता. आत होता म्यानिंग, लवकर परतलेला, एकतीस वर्षांचा, त्याने बंदूक मागवली आणि भिंतीवर चढलेल्या दोघांना पाडलं. नंतर त्याला वरचा किताब मिळाला आणि त्या बंदुकीलाही नाव दिलं गेलं. हाच पुढे दाओग्वांग सम्राट, ज्याच्या काळात अफूचं पहिलं युद्ध झालं. बंदोबस्ताच्या पलटणी आल्या, एक-दोन दिवसांत सगळे पकडले, लिन चिंगलाही घरून उचलून आणला. जियाचिंगने स्वतःला दोष देणारं फर्मान काढलं, असं हान, तांग, सुंग, मिंग या आधीच्या घराण्यांपैकी कुणाच्याच काळात घडलं नव्हतं अशा अर्थाचं. राजवाड्यातल्या लुंगत्सुंग दरवाज्याच्या फलकात अडकलेलं बाणाचं टोक आजही दाखवतात, त्या दिवसाचं म्हणून. पेकिंगला गेलात तर वर मान करून शोधा, गाइड लोक बोट दाखवतातच.

इथे माझी मालिकेबद्दलची खरी तक्रार येते. हल्ला हिरवा आहे, पण तो मालिकेत आभाळातून पडल्यासारखा येतो. इतके भाग बायका एकमेकींविरुद्ध, आणि मग अचानक बाहेरचं जग दार फोडून आत. नाट्य म्हणून जोरदार आहे, पण कारण हरवतं. कारण असं की जियाचिंगला गादी मिळाली १७९६ मध्ये, पण बाप चियनलुंग सत्ता सोडून सत्तेवरच बसला होता, १७९९ मध्ये तो गेल्यावर काही दिवसांत जियाचिंगने बापाचा लाडका मंत्री हशन याला पकडून आत्महत्या करायला लावली, इतका पैसा त्याने खाल्ला होता. तिकडे श्वेतकमळ पंथाचा उठाव १७९६ ते १८०४ चालला, तिजोरी त्यात रिकामी झाली. १८०३ मध्ये राजवाड्याच्या उत्तर दरवाज्यापाशी चन द नावाच्या माणसाने सुरा घेऊन सम्राटावर झडप घातली. म्हणजे तो हल्ला व्हायच्या दहा वर्षं आधीच भिंतीला भेगा पडलेल्या होत्या. आणि खोजे फितूर का झाले, तर गरीब खेड्यांतून आलेली, तुटपुंज्या पगारावरची पोरं, गावाकडच्या पंथाशी नातं न तुटलेली. मालिकेत खोजे भरपूर आहेत पण ते निरोप पोचवतात नाहीतर कट करतात, त्यांची गावं कधी दिसत नाहीत. मला विचाराल तर तुमच्या सिरीजचा सगळ्यात चांगला भाग तिथे आहे, राण्यांपेक्षा.

कपड्यांचं पटकन उरकतो. डोक्यावर तो पंख्यासारखा उंच काळा साज जो सरसकट चिंग मालिकांत दिसतो तो इतका मोठा झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विधवा महाराणी त्सिशीच्या काळात. १८१३ ला केशरचना बरीच खाली आणि साधी. मांचू बायका एका कानात तीन कर्णफुलं घालायच्या आणि पाय बांधत नसत, हे तपासून घ्या, पोस्टरसाठी फोटो निवडताना उपयोगी पडेल. आणि ‘थंड महाल’ म्हणून एक ठरावीक इमारत होती असं सांगू नका, नव्हती, मर्जीतून उतरलेली राणी जिथे टाकली जाईल ती जागा.

भाषेचं म्हणाल तर कँटोनीजच बघा, कारण नटांचा स्वतःचा आवाज तिथे आहे आणि शेरेन टांगचं अर्धं काम आवाजात आहे. मँडरिन डब जास्त ‘अस्सल’ असं कुणी म्हणेल, कारण राजवाड्यात पेकिंगची बोली आणि मांचू चालायची, कँटोनीज नाही. तर्क बरोबर आहे, पण मग आपल्या मालिकांत औरंगजेब जे खणखणीत मराठी बोलतो त्याचं काय करायचं. प्रेक्षकाच्या भाषेत दरबार उभा करणं हा टीव्हीचा जुना करार आहे, त्यावरून खरं-खोटं ठरत नाही.

व्हिडिओच्या बाबतीत थोडक्यात असं करा, मालिकेतला सीन दाखवा, पात्राचं नाव सांगा आणि तिथल्या तिथे ‘ही बाई कल्पित आहे, पण हा नियम खरा’ असं बोलून नियमाकडे वळा. शेवटी एकदम डिस्क्लेमर टाकायचा नाही, आमच्या मालिकांत सुरुवातीला जी पाटी येते ती कुणीही वाचत नाही. आणि पहिला भाग राण्यांच्या भांडणाने नको, पगारपत्रकाने करा, आठ ओळी स्क्रीनवर, १००० पासून ३० पर्यंत. चार्मेन शे पुढे २०१८ च्या ‘यानशी पॅलेस’मध्ये पण आहे, मँडरिन मालिका, चियनलुंगच्या काळातली, तिथे ती पुढे महाराणी होणारी राणी आहे. ती बघितली नसेल तर हेच हायलायटर घेऊन बघा. तिथे सम्राट आणि बऱ्याच राण्या खऱ्या व्यक्तींवर बेतलेल्या असल्यामुळे गुलाबी ओळखणं जास्त अवघड जातं, दोन-तीन भागांनंतर कुठे अडलात तर इथेच विचारा.